विहिरीतली सून

माझे हात कामाला संथ आहेत, हे मला लग्न होऊन काही वर्षं उलटल्यावर कळलं. तोवर कळायचं कारणच पडलं नाही. अकोल्याच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी सासूबरोबर कापूस साफ करायला जायची, तिथं माझं टोपलं दुसऱ्याच बाया भरायच्या. मी नुसती बोलायची.

ऐकायला हे खोटं वाटेल, म्हणून नीट सांगते. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचं. खेड्यांतून बैलगाड्यांनी आलेल्या कापसाच्या गंज्या आवारात लागायच्या. तो यंत्राकडे जाण्याआधी त्यातली पत्ती, माती, किडकी पिवळी कवडी वेचून काढायला आम्ही बाया टिनाच्या शेडखाली रांगेनं बसायचो. मजुरी साफ कापसाच्या वजनावर. दिवसभर तेच ते काम, नाकातोंडात तंतू आणि डोक्यावर तापलेलं टिन. या कंटाळ्यावर बायांनी फार आधी, माझी सासू नवी नवरी होती तेव्हाच, एक तोड काढून ठेवली होती. एकीनं कहानी सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता आपल्या साफ कापसातली मूठ मूठ तिच्या टोपल्यात टाकायची. संध्याकाळी काट्यावर सांगणारीचं टोपलं इतरांच्या बरोबरीनं उतरायचं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. कहानी चालू असली की बाया पाण्याला, तंबाखूला कमी उठतात हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून तो दुसरीकडं बघायचा.

सांगणारीची जागा अशी कोणालाही मिळत नसे. माझा बाप दर्यापूरकडच्या खेड्यात मोठा सांगणारा होता. पराटीचा कापूस वेचताना, शेंगा फोडताना लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळं मी लग्नात माझ्याबरोबर अकोल्याला आणलं. बाकी आणायला घरात काही नव्हतंच. पहिल्याच हंगामात आधीची सांगणारी बाळंतपणाला गेली, सासूनं मला पुढं ढकललं, आणि ती परत आली तोवर तिच्या जागेवर मी पाय पसरून बसले होते. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काहीही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

आम्ही एकमेकींना नावानं हाकच मारत नव्हतो. जिचं माहेर जिथलं, तेच तिचं नाव. मी दर्यापूरवाली. माझ्या डावीकडं बसायची ती बाळापूरवाली, मुसलमान, दातांना काळी मिस्सी लावणारी, कहानीत कोणी मेलं की मोठ्यानं रडणारी. आणि समोर, अंतर सोडून, चांदूरवाली. ही चांदूर रेल्वेकडची कुणबी बाई, वयानं माझ्या सासूएवढी. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला टाकली, तेव्हापासून अकोल्यात भावाकडं राहायची. सोमवार कडक धरायची. शेडमध्ये तिचा मान होता, कारण हुंकार तिचा होता. कहानी सांगणाऱ्याला कोणीतरी वाक्यावाक्याला "हं" म्हणणारं लागतं. ते "हं" नेमक्या जागी पडलं तर पुढचं वाक्य आपोआप येतं, आणि चुकीच्या जागी पडलं तर पायात काटा मोडल्यासारखं होतं. चांदूरवालीचं "हं" माझ्या बापालाही आवडलं असतं.

आता जे सांगते ते गोड नाही, पण ते वगळलं तर ती शेड खोटी होईल. आम्ही महार बाया शेडच्या एका टोकाला बसायचो, कुणबी-माळी बाया दुसऱ्या टोकाला, मध्ये मोकळी जागा. पाण्याच्या रांजणाला आम्ही हात लावायचा नाही. कोणीतरी वरून ओतायचं, आम्ही ओंजळ धरायची. पण कहानी रंगली की ती मोकळी जागा हळूहळू भरायची. बाया बसल्या बसल्या सरकायच्या. मुठी मात्र वरून, अंतर राखून टाकायच्या. कापसाला विटाळ नसतो असं त्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं. मला त्याचं हसू यायचं आणि रागही यायचा, आणि दोन्ही गिळून मी पुढचं वाक्य बोलायची. बोलण्याचं वेड हे असं असतं. ऐकणारा आपल्याला शिवत नाही, एवढ्यावरून त्याला उठवून लावता येत नाही.

पुढं साठच्या सुमारास नवऱ्याला अमरावतीला सरकारी दवाखान्यात शिपायाची नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड तिकडं गेलं. पोरं झाली, रात्रीच्या वर्गात मी अक्षरं शिकले, मग बालवाडीत कामाला लागले. सकाळी भाकरी थापताना पोरांना सांगायची, दुपारी बालवाडीत सांगायची, संध्याकाळी दवाखान्याच्या झाडाखाली डबे घेऊन बसलेल्या बायांना सांगायची. नवरा म्हणायचा, "तुह्या तोंडाले सुट्टी नाई का व?" नव्हतीच. हातातलं काम आणि तोंडातलं बोलणं ही दोन कामं मला कधी वेगळी करताच आली नाहीत. पण अमरावतीत कोणी माझ्या टोपल्यात मूठ टाकली नाही. भाजी मीच निवडायची आणि कहानीही मीच सांगायची. तेव्हा मला अकोल्याची ती शेड इतकी आठवायची की भाजी तशीच राहून जायची.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती छप्पन सालची आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात, हंगाम सरताना, मी सातव्या सुनेची कहानी धरली होती. सहा जावांनी मिळून सातवीला, हरवलेला पोहरा काढायच्या निमित्तानं, रानातल्या कोरड्या विहिरीत उतरवलं आणि दोर कापला. सून तळाशी बसून हाका मारते. वरून महादेव-पार्वती चालले आहेत. पार्वती म्हणते, कोणीतरी बाई रडते आहे, तिला काढल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. महादेव म्हणतात, जगात बाया रडतच असतात. पार्वती हटून बसते. शेवटी महादेव विहिरीकडं निघतात.

एवढं झालं आणि कापूस संपला. जिन बंद झालं. मला त्या दिवशी अजून अर्धा तास बोलून सुनेला वर काढता आलं असतं. पण लोकांना ताटकळत ठेवण्यात जी मजा असते ती मला सोडवेना. मी उठले आणि लुगडं झटकलं. म्हटलं, आता दिवाळीनंतर.

पावसाळाभर सून विहिरीत राहिली. बाजारात, नळावर, कुठंही बाया भेटल्या की तोच विषय. "काढ ना व तिले बाहेर, हिरीत पानी भरून राहिलं असन." मी हसून पुढं व्हायची. चांदूरवाली तर एकदा गुळाचा खडा घेऊन घरापर्यंत आली, दाराबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "मलेच सांग. मी कोनाले सांगत नाई." मी तो गूळ खाल्ला आणि काहीही सांगितलं नाही.

मग दसरा आला आणि आम्ही नागपूरला गेलो. मी, नवरा, सासू, आमची सगळी वस्ती. पांढरी लुगडी नेसून, भाकरी बांधून. त्या दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी एवढंच सांगते की मी तिथं मोठ्यानं बोलले. आजूबाजूला जिथवर नजर जाईल तिथवर माणसं, आणि सगळी एका आवाजात बोलत होती. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. इतकी वर्षं मी बोलत आले होते, पण बोलताना अंग थरथरलं ते त्या दिवशी. मी रडले. सासूही रडली. आम्ही काहीतरी खाली ठेवलं आहे आणि आता हात मोकळे आहेत, असं वाटत होतं.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे गात होते. गाडी एका ठिकाणी थांबली, बाहेर हमालानं "चांदूर, चांदूर" असं ओरडून सांगितलं, आणि माझ्या खांद्यावर डुलक्या घेणारी सासू ताठ बसली.

"अवं पोरी," ती म्हणाली, "ते हिरीतली सून आता कोन काढन?"

गाडीतलं गाणं मला ऐकू येईनासं झालं.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. पहिल्याच दिवशी बाया अशा बसल्या होत्या की शेडमध्ये मोकळी जागा उरली नव्हती. चांदूरवाली हातातल्या कापसाकडं न बघता माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घालून कवडी वेचत राहिले.

"सांग ना व," बाळापूरवाली म्हणाली.

"नाई सांगत."

"तब्येत नाई का बरोबर?"

"तब्येत बरोबर हाये. ते कहानी आता मी सांगत नाई."

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही काय करून आलो हे शहरभर झालं होतं. आता आम्ही पाण्याचं आपलं मडकं घरून आणत होतो, त्यावरूनही कुजबुज चालली होती. बाया एकेक करून आपापल्या जागी सरकल्या. माझ्या टोपल्यात कोणी मूठ टाकली नाही. टाकणार तरी का? मी बोललेच नव्हते.

आणि तेव्हा मला माझे हात कळले. इतरांची बोटं कापसात अशी फिरत होती की पत्ती आपणहून बाजूला पडत होती. मी एक कवडी उचलायची, फेकायची, दुसरी शोधायची. दुपारपर्यंत बोटं दुखायला लागली. संध्याकाळी मुकादमानं टोपलं काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "दर्यापूरवाली, हे टोपलं हाये का चहाची बशी?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सासू लपवून आपला कापूस माझ्याकडं सरकवायची, पण तिचंही वय झालं होतं. शेवटी मुकादमानं सांगून टाकलं की हा आठवडा बघतो, नाहीतर दुसरी बाई बसवतो. माझ्या जागेवर नजर ठेवून असलेली ती जुनी सांगणारी तेव्हा गालातल्या गालात हसत होती.

नवरा त्याच जिनात गाठी उचलायचा. तो म्हणाला, "कहानी हाये, पूजा नोहे. सांगून टाक अन् मोकळी हो." त्याचं चूक नव्हतं. दुसरी कोणी असती तर तिनं सांगून टाकलंही असतं. पण माझ्याजवळ ना वावर, ना दागिना. होतं ते एक तोंड. त्या तोंडानं लाखो माणसांत उभं राहून म्हटलेलं जर मी एका कापसाच्या टोपल्यासाठी मागं घेतलं, तर मग माझ्या कोणत्याच बोलण्याला अर्थ उरणार नव्हता. दुसरी कहानी धरायची सोय नव्हती. बापाकडून आलेल्या बहुतेक कहान्यांत कोणता ना कोणता देव शेवटी येऊन सगळं निस्तरायचाच. आणि ही अर्धी सोडून दुसरी ऐकायला कोणी तयारही नव्हतं. मी त्या दिवसांत फार एकटी पडले. जेवण गोड लागेना.

त्यावर सासू एवढंच बोलली. "म्हादेव नको तं नको बाई. पन त्या पोरीले किती दिवस हिरीत ठेवतं?"

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये बसले आणि कोणी न विचारता सुरुवात केली. "ऐका व. सून हिरीत हाये. वरून कोनी येऊन नाई राहिलं."

"काहून?" चांदूरवाली म्हणाली. "म्हादेव निघाला होता. तूनंच सांगतलं."

"निघाला असन. पन मी त्याले आता आनू शकत नाई. मी तोंडानं बोलली हावो नागपुरात."

"मंग काय तिले मारतं?"

"मारत नाई. कशी निघन ते मलेच माहीत नाई अजून."

चांदूरवालीच्या हातातला कापूस खाली पडला. ती चिडली आहे असं मला वाटलं, पण आवाज रडका होता. "पावसाळाभर मी त्याची वाट पाहून राहिली," ती म्हणाली. "माह्या घरी तं तो कधी आला नाई. तुह्या कहानीत तरी येऊ द्याचा होता." ती उठली, टोपलं उचललं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून बसली.

मला ते लागलं. आजही आठवलं की लागतं. पण तोंड उघडलं होतं, आता मिटता येत नव्हतं.

पुढची कहानी कुठं जाणार हे मला ठाऊक नसताना मी बोलत होते, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. सून तळाशी बसली होती आणि मीही तिच्याबरोबर बसले होते. बाळापूरवालीनं विचारलं, "अगे, बावडी को पत्थर तो होंगे ना? पकड पकड के चढेगी." होते, दगड होते. जुनी बांधलेली विहीर, दगडांच्या खाचा. सून उठली. पहिल्या खाचेत पाय घातला. दुसरीनं सुचवलं की लुगडं फाडून दोर करावा, तर तिसरी तिच्यावर खेकसली, "मंग बाहेर निघून नेसन काय?" हशा झाला. दोर रद्द झाला. एका दगडात साप निघाला, तो मीच आणला, कारण नुसतं चढणं बेचव होत होतं. रोज भोंगा वाजायचा तेव्हा सून कुठल्या तरी दगडाला लटकलेली असायची. मुठी पुन्हा पडायला लागल्या. मुकादमही टेकून उभा राहायला लागला.

फक्त हुंकार नव्हता. बाकीच्या आलटून पालटून "हं, हं" करायच्या, पण भलत्याच जागी. मी बोलायची आणि माझी नजर त्या पाठमोऱ्या बाईकडं जायची.

मग सून काठाशी आली आणि अडकली. खरंच अडकली. मोटेच्या दोरानं वर्षानुवर्षं घासून काठ गुळगुळीत झाला होता, धरायला काही नव्हतं. शेवटच्या दगडावर टाचा उंचावून ती उभी, बोटं काठाला लागतात, पकड बसत नाही. बायांनी मुळ्या सुचवल्या, वेली सुचवल्या. मी म्हटलं, "खोटं नाई सांगत. तिचा हात पुरत नाई." आधी मीच सांगून ठेवलं होतं की काठाशी गवताची काडी नाही, आता तिथं वेल उगवली असती तर ती महादेवाचीच वेल झाली असती. बोलता बोलता माझा आवाज बसला. तेवढ्यात जुनी सांगणारी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हिचा देव गेला अन् कहानी बी गेली."

ही नुसती माझी फजिती नव्हती. आम्ही जे करून आलो त्यावर ती हसत होती. सासू माझ्याकडं बघेना. भोंग्याची वेळ होत आली होती.

"तती हिरीवर एक बाई येऊन राहिली."

आवाज शेडच्या पार टोकाकडून आला. चांदूरवाली आता वळून आमच्याकडं तोंड करून बसली होती.

"कोन बाई?" मी विचारलं.

"हाये एक. चांदूरकडची. नवऱ्यानं टाकलेली. बोरं वेचाले आली रानात." ती उठली. टोपलं घेऊन बोलता बोलता चालत आली आणि माझ्यासमोर, नेहमीच्या आपल्या जागी उभी राहिली. "तिले हिरीतून आवाज आला. तिनं वाकून पाह्यलं. कोन हाये व आत?"

ती मला विचारत होती. शेडमधल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी हावो," मी म्हटलं.

"कोनाची तू?"

आमच्याकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. कहानीतली सून पाटलाच्या घरची होती. मी तसं म्हटलं असतं तर कहानी सुरळीत संपली असती. पण मला ते म्हणवेना. इतके दिवस त्या विहिरीत मीच होते.

"मी बौद्ध हावो, माय," मी म्हटलं. "हात देतं का?"

कोणाचीही बोटं हलत नव्हती. चांदूरवालीनं टोपलं खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. मग ती मधल्या जागेवरून वाकली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"घट्ट धर मंग," ती म्हणाली, आणि खरंच ओढलं. असं ओढलं की मांडीवरचा कापूस सगळीकडं सांडला आणि मी उभी राहिले. भोंगा वाजला. मुकादम "चला, काट्यावर चला" म्हणत होता, पण त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी पुरती उभी राहिले तरी ती माझं मनगट सोडत नव्हती.